जजसाहेब प्रचाराला निघाले

माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ते न्यायाधीश होते. तालुक्याच्या कोर्टात सुरुवात करून शेवटी जिल्हा न्यायाधीश म्हणून अपिलं ऐकता ऐकता निवृत्त झाले. दर तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवी शाळा. दिवाळीत कुणी मिठाईचा पुडा आणला तर तो दारातूनच परत जायचा. वकिलांकडच्या लग्नांना आम्ही कधी गेलो नाही. शेजारून वाटीभर विरजण आणायचं तरी आई आधी चौकशी करायची, कारण शेजारी उद्या पक्षकार निघायचा. असा माणूस पंचाहत्तरी ओलांडल्यावर परदेशातल्या ओटाहुहु या उपनगराच्या गल्ल्यांतून दारोदार फिरून मतं मागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मी ईस्ट टामाकीतल्या एका वेअरहाऊसमध्ये प्लॅनिंगचं काम करते. पुण्याहून शिकायला आले आणि इथलीच झाले. लोकल बोर्डाची निवडणूक मी एकदा लढवून हरले होते. लोकल बोर्ड म्हणजे आपल्या भागाची उद्यानं, लायब्ररी, रस्त्याकडेची झाडं, फुटपाथ पाहणारं निवडून आलेलं मंडळ. त्या पहिल्या वेळी मला प्रचार कशाशी खातात हेच ठाऊक नव्हतं. फेसबुकवर फोटो टाकले, गणपतीच्या कार्यक्रमात भाषण केलं, आणि आपले सगळे ओळखीचे म्हणजेच मतदार अशा समजात राहिले. त्यातले निम्मे दुसऱ्याच वॉर्डात राहत होते.

तीन वर्षांनी पुन्हा उभी राहिले तेव्हा बाबा माझ्याकडे होते. आई गेल्यावर ते इथे आले, त्यांना रेसिडेन्सी मिळाली, वर्ष उलटलं, म्हणजे त्यांना मतही होतं. मी फॉर्म भरल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि अमेरिकेत काही राज्यांत अपिलाच्या कोर्टाचे जजसुद्धा निवडणूक लढवतात, पाट्या लावतात, मतं मागतात, हे त्यांना किती विचित्र वाटतं ते अर्धा तास सांगितलं. ज्याच्याकडे आज मत मागितलं तो उद्या समोर उभा राहिला तर? मी म्हटलं, मी जज होत नाहीये, मला फक्त सकाळच्या शिफ्टच्या लोकांसाठी बस हवी आहे. ते म्हणाले, "मग माग. पण मला त्यात ओढू नकोस."

त्याच्या दुसऱ्या शनिवारी मी आणि नवरा पत्रकं घेऊन निघालो, तर बाबा बूट घालून दारात तयार. चालायला येतो म्हणाले, फक्त चालायला. पहिल्या चार घरांशी ते फाटकाबाहेर उभे राहिले. पाचव्या घरी समोआ बेटांवरून आलेले एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसले होते. त्यांनी बाबांना हाक मारली, खुर्ची दिली, आणि दोघे गप्पा मारत बसले. मी पुढची सहा घरं उरकून आले तेव्हा बाबा त्यांना माझं पत्रक वाचून दाखवत होते. परतीच्या वाटेवर त्यांच्या गालांवर लाली होती. मला म्हणाले की तू दार वाजवून लगेच बोलायला लागतेस. आधी ऐकून घ्यावं, कोर्टात तसंच असतं.

त्या दिवसापासून आमच्या घराला वेगळाच वेग आला. कोर्टात त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीला 'बोर्ड' म्हणतात. बाबा रोज सकाळी एका वहीत 'आजचं बोर्ड' लिहायला लागले. कुठली गल्ली, किती दारं, कुठे कुत्रा आहे, कुणाला पुन्हा भेटायचंय. कामावरून आले की मी बूटसुद्धा काढत नसे. चहा घशाखाली ओतायचा आणि निघायचं. एका दारी इथला नमस्कार 'किआ ओरा', दुसऱ्या दारी आपला 'नमस्ते', तिसऱ्या दारी कुणी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत बाहेर येऊन आधी फुटपाथची तक्रार ऐकवायचं. मला तक्रारीसुद्धा गोड लागत होत्या. पहिल्या वेळी माझ्याशी कुणी तक्रार करण्याइतकंही बोललं नव्हतं. माझ्या नावाची पाटी कुंपणावर लावू द्यायला एका दिवसात तीन घरं तयार झाली, तेव्हा मी गाडीत बसून स्टिअरिंगवर ताल धरला होता.

मग ती संध्याकाळ आली. कम्युनिटी हॉलमध्ये उमेदवारांची सभा होती, तिथे बोर्डाच्या एका जुन्या सदस्याशी माझा वादही झाला. प्रश्नांच्या वेळी टोंगा बेटांवरून आलेल्या एक टाँगन बाई उठल्या. फोर्कलिफ्ट चालवतात, ईस्ट टामाकीला, पहाटेची शिफ्ट. पहिल्या बसने शिफ्ट गाठता येत नाही म्हणून त्या रोज मैत्रिणीच्या गाडीवर अवलंबून होत्या, आणि मैत्रीण नोकरी सोडणार होती. त्यांनी सरळ मला विचारलं, "तुम्ही निवडून आलात तर बस आणाल का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो. आणीन." टाळ्या पडल्या. पहिल्यांदाच माझ्यासाठी एवढ्या टाळ्या. मी हवेत तरंगत पार्किंगपर्यंत आले.

बाबा गाडीत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "बस सुरू करायचा अधिकार लोकल बोर्डाला आहे का?"

नव्हता. मला माहीत होतं. बसचे मार्ग दुसरीच संस्था ठरवते, बोर्ड फक्त शिफारस करू शकतं. बाबांनी लायब्ररीत बसून ते सगळं वाचलं होतं. मी चिडले. म्हटलं, प्रचारात असंच बोलतात, बाकीच्यांनी काय काय आश्वासनं दिली ती ऐकलीत ना. घर येईपर्यंत मीच बोलत होते आणि माझंच बोलणं मला पोकळ वाटायला लागलं होतं. उतरताना ते एवढंच म्हणाले, "त्या बाईंनी तुला साक्षीदारासारखा प्रश्न विचारला. उत्तर खरं द्यायचं असतं."

शनिवारी मी हॉलच्या संयोजकांकडून त्या बाईंना निरोप पाठवला. त्यांनी घरी बोलावलं. मी एकटीच जाणार होते, बाबा आलेच. मी बाईंना सांगितलं की मी जास्तीचं बोलले, बस आणणं बोर्डाच्या हातात नाही. शिफारस करता येते, ती पहिल्याच बैठकीत मांडेन, आणि तुम्हाला तिथे येऊन बोलता येईल. सांगताना माझे कान तापले होते. एक मत गेलं, असं मनात म्हणत होते.

त्या म्हणाल्या, मत मागायला पुष्कळ जण येतात, दिलेला शब्द परत घ्यायला आजवर कुणी आलं नव्हतं. मग त्यांनी पत्रकं मागितली. मी दहा दिली. त्यांनी अख्खा गठ्ठा उचलला. सोमवारी माझ्याच वेअरहाऊसच्या कॅन्टीनमध्ये, जिथे मी पत्रकं वाटायला लाजत होते, तिथे ती टेबलांवर पडलेली दिसली. त्यांच्या शिफ्टचे लोक आमच्याकडे माल घेऊन येत होते. आमच्या लोडिंग डॉकवरचा एक ड्रायव्हर मला म्हणाला, "ती बसवाली तूच ना? स्वीट ॲज." म्हणजे एकदम झकास. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर हसत होते.

मतपत्रिका पोस्टाने घरी आल्या. बाबांनी उमेदवारांची पुस्तिका दोन दिवस पेन्सिल घेऊन वाचली, पहिल्या पानापासून. माझा मजकूर आला तिथेही ते तेवढ्याच गंभीरपणे थांबले. मी सहज विचारलं, कुणाला देणार? ते म्हणाले, "मतदान गुप्त असतं." आणि पाकीट बंद करून सुपरमार्केटमधल्या नारिंगी मतपेटीत स्वतः टाकून आले. आजही मला ठाऊक नाही.

शुक्रवारी दुपारी सुट्टी घेऊन आम्ही सगळ्या पाट्या काढल्या, कारण मतदानाच्या शेवटच्या दिवशी त्या दिसता कामा नयेत असा नियम आहे. शनिवारी बारा वाजता मतदान संपलं. दुपारी पहिले आकडे आले. जास्त मतांचे पहिले काही जण निवडून येतात; मी त्यातल्या शेवटच्या जागेच्या खाली होते, थोडीशीच. नवऱ्याने पोहे केले, कुणी खाल्ले नाहीत. बाबा बागेत फेऱ्या मारत होते. मी बाहेर गेले तर म्हणाले, "आयुष्यभर निकाल सांगितले. ऐकणाऱ्याचं काय होतं ते आज कळतंय."

रविवारी उरलेल्या पेट्यांची मोजणी धरून आकडे आले. नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला. मी ती ओळ तीनदा वाचली. शेवटची जागा माझी होती, फरक इतका कमी की एका गल्लीने इकडचं तिकडे झालं असतं. मी फोन बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा लावला, फोन घेतला, आकडे तपासले, आणि म्हणाले की पक्का निकाल येईपर्यंत पेढे आणायचे नाहीत. पक्का निकाल आला तेव्हा शेवटची जागा माझीच राहिली होती. त्या दिवशी ते बसने एकटेच जाऊन पेढे घेऊन आले आणि ते समोअन गृहस्थ धरून सगळ्या गल्लीला वाटले. घेणाऱ्यांनी घेतले, एकानेही परत केले नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

शपथविधीनंतरच्या पहिल्या कामकाजाच्या बैठकीत मी बसची शिफारस मांडली. बैठकीच्या सुरुवातीला लोकांना बोलायला तीन-तीन मिनिटं असतात. त्या टाँगन बाई शिफ्ट संपवून, चमकत्या पट्ट्यांचं हाय-व्हिज जाकीट तसंच अंगात ठेवून आल्या होत्या. बाबा मागच्या रांगेत, पांढरा शर्ट, हात मांडीवर. बाई कागद न बघता बोलल्या. कधी उठतात, किती चालतात, थंडीत स्टॉपवर किती वेळ उभ्या राहतात. बोर्डाच्या त्याच जुन्या सदस्याने, ज्यांच्याशी मी हॉलमध्ये भांडले होते, माझ्या ठरावाला अनुमोदन दिलं.

अध्यक्षांनी मत घेतलं. इथे हात वर करत नाहीत, बाजूने असणारे तोंडाने 'आय', म्हणजे 'हो', म्हणतात. सगळे म्हणाले. विरोधात कुणीच नव्हतं. बस अजून सुरू झालेली नव्हती, पुढे किती टेबलं ओलांडायची होती देव जाणे, पण ठराव मंजूर झाला होता आणि तो मी मांडला होता.

बाहेर आल्यावर त्या बाईंनी मला मिठी मारली, मग बाबांनाही. ते ताठ उभे राहिले, पण मिठी सुटल्यावर त्यांनी शर्टची बाही डोळ्यांना लावली. गाडीकडे चालताना मला म्हणाले, "'आय' म्हणताना तुझा आवाज सगळ्यात मोठा होता."

मी विचारलं, वाईट दिसलं का?

"नाही," ते म्हणाले, "मागच्या रांगेपर्यंत नीट ऐकू आला."