तेरा नंबरचा पाना

कामाआधी हत्यारं घ्यावीत हे सगळ्यांनाच कळतं. पण हत्यारं घेण्यातच काम संपवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला: माझे थोरले साडू. ऐंशी सालच्या सुमारास वाशीला राहायला आल्यावर त्यांनी भंगारात निघालेली एक बस घेतली आणि घणसोली गावात एका ओळखीच्या म्हाताऱ्याच्या आवारात उभी केली. तिच्यात पलंग, ओटा, मोरी करायची आणि ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, गिरसप्प्याचा धबधबा दाखवायचा. लग्नात दिलेला शब्द होता तो. बस आली त्याच दिवशी ताईंनी हिरवी बॅग भरून ठेवली.

साडू सरकारी कारकून. त्यांनी वहीत अंदाजपत्रक केलं: बस, हत्यारं, प्रवास असे तीन रकाने. हत्यारांत आधी करवत, हातोडा आणि पान्यांचा संच एवढंच होतं. मग ड्रिल मशीन आलं, पत्रा धरायला व्हाइस आला, व्हाइस बसवायला टेबल आलं. पैसे दर वेळी प्रवासाच्या रकान्यातून निघत. "याला पुनर्विनियोजन म्हणतात," ते मला समजावत, "मंजुरी लागते, ती मी देतो." बसला मात्र एक भोकही पडलं नव्हतं.

"साहेब, गारी कवा चालू व्हनार?" म्हाताऱ्याने एकदा विचारलं. "माजी कोंबरी आत खुडूक बसली हाय."

"तिला उठू दे, मग ठोकाठोकी सुरू करतो," साडू म्हणाले. त्यांना कोंबडीचं खरंच वाईट वाटलं असावं.

तिसऱ्या खंडेनवमीला त्यांनी सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडली. ताई आतून आल्या, ती हिरवी बॅग पान्यांशेजारी ठेवली आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं. साडूंनी वही उघडली. प्रवासाच्या रकान्यात शून्य होतं.

दसरा झाल्यावर त्यांनी व्हाइस, टेबल, मशीन सगळं विकलं आणि दोघं एस.टी.च्या लाल गाडीने गिरसप्प्याला जाऊन आले.

"कसा होता धबधबा?" मी विचारलं.

"छान. पण वाटेत हिच्या सीटचा बोल्ट सैल निघाला हो! बरं, तेरा नंबरचा पाना खिशात होता."

एवढ्या हत्यारांतलं कामाला आलेलं तेवढंच. बस पुढे कोंबड्यांचीच झाली. साडूही गेले. मी त्यांना फार हसलो, आणि आता त्यांच्याशिवाय करमत नाही. खंडेनवमीला ताई पाटावर तो एकच पाना मांडतात, शेजारी बॅग. यंदा त्यांचं लक्ष नाही असं पाहून मी ती उचलून पाहिली. भरलेली होती.