आत्याच्या मापाची बांगडी

शहापूर-मुरबाड रस्त्यावर हरेशचा टेम्पो सगळ्यांना माहीत. मागच्या फळीवर ‘भेंडी एक्सप्रेस’ असं रंगवलेलं, आणि हॉर्न असा की म्हशीसुद्धा बाजूला होण्याआधी एकदा वळून बघतात. मालकही गाडीला शोभणारा. रुंद खांदे, भरगच्च मिशी, हाताचा पंजा म्हणजे फावडंच. किन्हवलीच्या अलीकडे त्याचं गाव. सकाळी तोडणीच्या बायकांना शेतावर सोडायचं, दुपारी माल भरून कल्याणचा बाजार गाठायचा, हा त्याचा रोजचा रिवाज.

बायका मागे हौद्यात बसायच्या, हरेश पुढे एकटा. भेंडी टोचू नये म्हणून त्यांनी हातात जुने मोजे चढवलेले असायचे, डोक्याला रुमाल बांधलेले. मागून कोणाच्या तरी सासूची नक्कल ऐकू यायची आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या. हरेश आरशातून बघायचा आणि त्याला वाटायचं, आपण चुकून पुढच्या सीटवर बसलोय. आपली जागा मागे आहे, त्या कोपऱ्यात, डोक्याला रुमाल बांधून.

हे असं पहिल्यांदा कधी वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं. शाळेत असतानाही वाटायचं. तेव्हा त्याला वाटे, मिशी आली की जाईल. मिशी आली, वाटणं काही गेलं नाही. मोबाईलवर तो काहीबाही शोधायचा, बघायचा आणि लगेच सगळं पुसून टाकायचा. आपण बाई आहोत का? की बाई व्हावंसं वाटणारा बाप्या? की नुसतंच उन्हात गाडी चालवून डोकं फिरलंय? यातलं काय खरं ते कोणाला विचारायचीही सोय नव्हती.

कारण जगनचं काय झालं ते त्याला माहीत होतं. पलीकडच्या गावातला जगन केस वाढवायचा, नखं रंगवायचा. एका शिमग्याला पोरांनी त्याला चौकात बसवून डोकं भादरलं. गंमत म्हणून. त्याचा बाप कडेला उभा राहून हसत होता, कारण हसला नसता तर पुढचा नंबर त्याचाच लागला असता. त्याच आठवड्यात जगन गाव सोडून गेला, तो गेलाच. हरेशचा दोस्त भरत टेम्पो स्टँडवर हा किस्सा चहाबरोबर सांगायचा आणि हरेश सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मोठ्याने हसणाऱ्यावर कोणाला संशय येत नाही, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं.

अशा या गड्याने धाकट्या बहिणीच्या, वैष्णवीच्या लग्नात नको ती चूक केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कासारीण येऊन घरातल्या बायकांना हिरव्या बांगड्या भरून गेली. उशिरा येणाऱ्या पाहुणीला लागतील म्हणून मोठ्या मापाच्या थोड्या ठेवून गेली. मोठं माप म्हणजे हरेशच्या संगीता आत्याचं. आत्याचं मनगट हा घराण्यात कौतुकाचा विषय होता. दुपारी सगळ्या बायका वाजतगाजत गावदेवीला गेल्या, पुरुष मांडवाच्या मागे पत्ते कुटत बसले आणि घरात हरेश एकटा उरला. ओसरीवर सुपात त्या बांगड्या.

तो डावरा. म्हणजे डाव्या हाताने बांगडी धरली आणि उजव्या हातात चढवली. साबण लावून, अंगठा मुडपून, सकाळी कासारीण करत होती तसं. बांगडी हाडापाशी अडली, मग सटकन आत गेली.

त्याने हात वर केला. एकच बांगडी, तिचा आवाज तो काय होणार! तरी त्याने हात हलवून बघितला. आणि त्या केसाळ, राकट हाताकडे बघताना त्याला पहिल्यांदाच वाटलं, हा माझा आहे. हा आनंदच होता, पण तो पुरता कळायच्या आत बाहेर ताशाचा आवाज आला. बायका परत येत होत्या.

बांगडी निघेना. साबण झाला, तेल झालं. ओढून ओढून हात सुजला आणि बांगडी आणखीच घट्ट बसली. फोडायची तर घरात लगीन, आदल्या दिवशी हिरवी बांगडी वाढवायची म्हणजे बहिणीच्या संसाराला अपशकुन. हे कारण त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण त्याला दिसत होतं आणि त्याचीच त्याला जास्त धडकी भरली. ती काढायला त्याचं मन होत नव्हतं.

आत्या आत आली तेव्हा हरेशच्या अंगात फुल बाह्यांचा शर्ट होता, बटणं मनगटापर्यंत लावलेली.

“का रं हर्‍या, मे महिन्यात थंडी वाजते?”

“भेंडीची खाज उठलीय आत्या. अंगावर चट्टे आलेत.”

भेंडीने खाज उठते हे पोरासोरांनाही माहीत, त्यामुळे आत्याने खोबरेल लाव म्हणून सांगितलं आणि विषय संपला. हरेशला मात्र घाम फुटला होता, आणि तो काही उन्हाचा नव्हता.

संध्याकाळी हळद लागली. डीजे सुरू झाला, पोरं एकमेकांना हळदीत लोळवू लागली. हरेश आचाऱ्याच्या कढईमागे जाऊन उभा राहिला, जणू भात त्याच्याशिवाय शिजणारच नाही. पण नवरीने हाक मारली, “दादा, इकडे ये ना!” तेव्हा जावं लागलं. वैष्णवीने हळदीने भरलेल्या हाताने त्याचं मनगट धरलं. शर्टाखाली काहीतरी कडक, गोल लागलं. तिने बोटांनी चाचपलं. वर बघितलं. हरेशचा चेहरा पांढराफटक. तिने हात सोडला आणि पुढच्या माणसाला हळद लावायला वळली.

त्या रात्री सगळे दमून आडवे झाले. हरेश मात्र टेम्पोच्या केबिनमध्ये टक्क जागा होता. तिला कळलं का? कोणाला सांगेल? आईला? की उद्या सासरी जाऊन नवऱ्याला? वाटलं, गाडी चालू करावी आणि जावं. पण नवरीचा भाऊ लग्नातून पळाला, तर माणसं सकाळी आधी त्याचंच कारण शोधतील.

मुरबाडहून वऱ्हाड वेळेवर आलं. नवरदेव सुनिल हसतमुख होता, पण हरेशला आज प्रत्येक हसू आपल्यालाच हसतंय असं वाटत होतं. अक्षता पडल्या. मग होमापाशी कानपिळीची वेळ झाली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदव म्हणून दम द्यायचा आणि मानाचा शर्टपीस घ्यायचा. हरेशने डावा हात पुढे केला.

“अरे ए!” आत्या कडाडली. “शुभकार्यात डावा हात? भटजी, सांगा याला काहीतरी!”

“उजवा, उजवा,” भटजी धुरातून म्हणाले.

हरेशने उजवा हात उचलला. नवरदेवाचे मित्र टपूनच होते. कान वाचवायचा म्हणजे मेव्हण्याचा हात ओढायचा, ही रीतच. त्यांनी हरेशची बाही धरून खेचली. बटण तुटलं, बाही कोपरापर्यंत गेली, आणि सगळ्या मांडवासमोर, फोटोवाल्याच्या दिव्यात, ती हिरवी बांगडी चमकली.

भरतचा आवाज आला.

“आयला हर्‍या! चुडा भरलास काय रं?” आणि मागोमाग, “बघा रे, आपल्यात पण एक जगन निघाला!”

हशा पिकला. हरेशला त्या हशात चौक दिसला, वस्तरा दिसला. आणि पाहुण्यांत बसलेला बाप दिसला. बाप अजून हसत नव्हता. हसावं की काय ते त्याचं ठरत नव्हतं.

“मीच भरली!” वैष्णवी होमावरून ओरडली. मुंडावळ्या बाजूला सारून. “काल रात्री ढोरासारखा घोरत होता, मी नि वन्संनी मिळून चढवली. आता निघत नाय, तर मी काय करू?”

वन्सं म्हणजे सुनिलची बहीण, ती काल या गावात नव्हतीच. ती तोंड उघडणार तोच वैष्णवीने तिच्या पायावर पाय दिला असावा, कारण ती “हो हो” म्हणून हसू लागली. हशाचा सूर पालटला. आता सगळे हरेशच्या झोपेला हसत होते. बापही हसला, मोठ्याने. सुनिल कान पुढे करून म्हणाला, “पिळा मेव्हणे, बांगडीवाल्या हाताने पिळलात तर संसार आणखी चांगला होईल.” हरेशने पिळला.

पाठवणीला वैष्णवी भावाच्या गळ्यात पडली. नवरी रडते तेव्हा जवळची माणसं थोडी मागे सरतात. तेवढ्यात तिने रडण्याच्या आडून विचारलं, “दादा, कदीपास्न?”

हरेश तिच्या कानाशी पुटपुटला, “पहिल्यापास्न.”

“म्हणजे तुला बाई व्हायचंय?”

“माहीत नाय गो. विचार येतो. मग भीती वाटते.”

“कोणाची?”

“सगळ्यांची. आता तुझी पण.”

ती खरीच रडू लागली. आत्याने दोघांना सोडवलं. “पुरे रे आता! पोरगी मुरबाडला चाललीय, लंकेला नाय.”

गाडी निघाली. हरेशला धावत जाऊन सांगावंसं वाटलं, कोणाला बोलू नको. आयुष्यात पहिल्यांदा जे तोंडातून बाहेर पडलं होतं, ते आता नव्या नवऱ्याला खेटून मुरबाडला चाललं होतं. उद्या सकाळी तिच्या सासरी चहा होईल, गप्पा होतील, सुनिल विचारेल, काय गं, भावाशी एवढं काय बोलत होतीस?

वळणाआधी गाडी थांबली. काच खाली झाली. वैष्णवीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, “मांडवपरतणीला मला माहेरी न्यायला दादाच येऊ दे! दुसऱ्या कोणाला पाठवलंत तर मी येणार नाय!”

हरेशने मान हलवली.