मालवणात कोरड्या पायानं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते चादरीची घडी घालायचं. गच्चीवर वाळलेली मोठी चादर. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. "ताणून धरा की, उभ्या उभ्या झोपलात काय?" म्हणली. मी ताणली. दुपारी जरा पडते म्हणून आत गेली, ती उठलीच नाही.

घरी लई माणसं आली. सगळ्यांना बाहेरगावाहून आलेल्या पोरानंच सांगितलं. माझा जन्म निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतरचा, शाळा चौथी. बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण ती गेली, हे एक वाक्य माझ्या तोंडून निघेना.

पुढं पोरानं गल्लीतल्या मंडळींच्या मालवण ट्रिपमध्ये माझं नाव घातलं. संभाजीनगरच्या शहागंजातून बस निघाली. शेजारच्या सीटवर मी पिशवी बसवली.

तारकर्लीला समुद्र पाहिला. मोठा आहे, त्यात वाद नाही. आमची मंडळी रबरी कपडे चढवून, पाठीला नळकांडी बांधून मासे बघायला पाण्याखाली गेली. "काका, चला!"

"मासे वर आले की बघू," म्हणलं.

पाण्यात न उतरणाऱ्यांना रिक्षानं गावं दाखवायची सोय होती. न उतरणारा मी एकटाच.

रिक्षावाला बोलका. "आजोबानू, खंयसून इलात?" (कुठून आलात?)

"संभाजीनगर."

"थंय समुद्र नाय?"

"पैठणला धरण आहे. भरलं तर समुद्र, नाय तर क्रिकेटचं मैदान."

तो इतका हसला की रिक्षा नालीत जाता जाता राहिली.

धामापूरचं तळं दाखवलं. चहूकडं झाडी, काठाला देवीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात. पाणी काठोकाठ आणि हंडा घेऊन एक माणूस नाही. आमच्याकडं एवढ्या पाण्यावर दोन गावं भांडली असती. "बघ गं" म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

जेवण एका घरी होतं. मालकीणबाई पन्नाशीच्या. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, आणि वाटीत गुलाबी काहीतरी. शरबत समजून घटाघटा प्यालो तर घशात लसूण-मिरची.

"सोलकढी ती!" (कोकम आणि नारळाच्या दुधाची.) बाई हसत म्हणल्या.

"आधी सांगायचं की!"

"वहिनींक कित्याक नाय हाडलात?" (का नाही आणलंत?)

"तिचे गुडघे दुखतात," मी म्हणलो.

कसं निघालं कोण जाणे. पण बरं वाटलं. त्या घरात ती जिवंत होती. मग मी सुटलोच. तिखट तिला चालतं म्हणलं, माझ्यावर ओरडते म्हणलं, उसळ कशी करायची ते विचारून या म्हणली होती, असंही म्हणलं.

निघताना बाईंनी सुपात नारळ, तांदूळ, खण आणि हळदीकुंकवाच्या पुड्या आणल्या. "सवाष्णीची ओटी. वहिनींक माझ्याकडसून."

माझे हात पुढं होईनात. घ्यावं तर बाईंच्या हळदीकुंकवाला फसवल्यासारखं. न घ्यावं तर सांगावं लागणार.

"बाई, ती वारली," मी म्हणलो. "मी खोटं बोललो."

बाई सूप आत नेतील वाटलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"मगे ती सवाष्णच गेली मा? काढलेली ओटी माघारी घेवची नसता. खंयच्याय सवाष्णीक द्या, तिच्या नावान." (कुठल्याही सवाष्णीला द्या.)

परतताना मंडळींनी पाण्याखालचे फोटो दाखवले. छान होते. परमुलखात गेलं की दुःख हलकं होतं म्हणतात. मला तसं काही आढळलं नाही. घरी सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी विचारत नाही. तिकडं एका बाईनं विचारलं, एवढाच फरक.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली. रतीबाला नवीच लागलेली, गळ्यात मंगळसूत्र. घरचं तिला ठाऊक नव्हतं. जुन्या हिशेबानं दोघांचं दूध घालायची, मी घ्यायचो, उरलेलं नासायचं.

"उद्यापासून निम्मंच घाल," मी म्हणलो. "माझी बायको वारली."

मी आतून बाईंची ओटी ताटात घालून आणली. पुरुषमाणसानं ओटी भरायची नसते, म्हणून उंबऱ्यावर ठेवून बाजूला झालो. "तिच्या नावानं घे."

तिनं किटली खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला, खाली बसली.

"नाव काय होतं काकूंचं?"

"गयाबाई," मी म्हणलो.