होनाही सरांची तीन कार्डं

होनाही सरांना "बघू" हा शब्द खपत नसे. कॅन्टीनवाला "चहा होतोय" म्हणाला, की ते विचारायचे, "झालाय का? हो की नाही?" त्यावरून नगरच्या आमच्या कॉलेजात आम्हीच त्यांना हे नाव ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं, पण कधी रागावले नाहीत.

सर कॉम्प्युटर शिकवायचे, आणि कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता. फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचा, पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रं पाडायची आणि गठ्ठा एसटीने पुण्याच्या यंत्राकडे धाडायचा. मी त्यांच्या हाताखाली नवीन लागले होते. आमचा वाद रोजचाच. त्या यंत्राच्या भाषेत सगळे आकडेच, 'हो' आणि 'नाही' यांना वेगळा प्रकार नव्हता. सरांना ते सलायचं. मी म्हणायची, "सर, हो म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. वेगळे चोचले कशाला?"

"बाई, एकच्या पुढे दोन असतो," ते म्हणायचे. "हो-च्या पुढे काय असतं?"

म्हणून ते प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तीन जादा कार्डं घालत. हो-नाहीच्या जागी एक किंवा शून्य सोडून दुसरं काही आलं, की यंत्राने तिथेच थांबायचं. "भाषेनं दार लावलं नाही ना, मग आपण लावायचं." मला ती निव्वळ कटकट वाटे. फार शहाणी होते मी.

दुष्काळाच्या वर्षी गावोगावच्या टँकरची यादी करायचं काम आमच्याकडे आलं. फॉर्मवर प्रश्न होता, टँकर हवा का? हवा असेल तर एक, नसेल तर शून्य. प्रोग्रॅम माझा. पुण्याची गाडी सुटायला आली होती आणि ती तीन कार्डं अजून पंच व्हायची होती. मी ती सरळ वगळली. सरांनी विचारलं, "घातली ना?"

"हो," मी म्हटलं.

पारनेरकडच्या एका गावाने त्या रकान्यात दोन लिहिलं होतं. त्यांना दोन टँकर हवे होते. माझा प्रोग्रॅम फक्त एक शोधत होता, दोनला त्याने 'नाही' धरलं. गाव यादीतून गेलं. तीन आठवड्यांनी तिथले सरपंच तो फॉर्म घेऊन कॉलेजात आले.

"आमी दोन मागितलं, सायेब. लई वाटलं आसंल तर येक द्यायचा हुता. येकबी न्हाई?"

तळाचं पाणी भरायला उतरलेली त्यांची सून विहिरीत पडून गेली होती. हे त्यांनी अगदी शेवटी, जाता जाता सांगितलं.

प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हा प्रोग्रॅम तुमचा?" सरांनी तोवर कार्डं मोजली होती, तीन कमी भरली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली.

"हो," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं ते एवढंच.

महिन्याभरात त्यांना काढलं. मी स्टँडवर पोचवायला गेले, तेवढा निर्लज्जपणा होता अंगात. म्हटलं, "सर, मी प्राचार्यांना खरं सांगणार आहे."

"कधी? उद्या सांगाल? हो की नाही?"

"बघू," मी म्हटलं.

सर गाडीत चढले. त्यांची जागा मला मिळाली, आणि मी तिथूनच निवृत्त झाले.