लूमच्या गाळ्यातले सात डबे

दुकानात बसणाऱ्या बाईकडे किस्से कसे साठतात, सांगू? कापसाच्या धुरळ्यासारखे. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही. दिवसभर हवेत तरंगत असतात, संध्याकाळी पदर झटकला की खाली पडतात! आणि आमच्या भिवंडीत धुरळ्याला काय तोटा?

मी जिथे बसते त्या गाळ्यात आमच्या ह्यांच्या वेळेस कापड विणायचे लूम होते. दोन शिफ्ट खटाखट चालू. बोलायचं तर ओरडून, नाहीतर गप्प बसायचं. म्हणून आमच्या घरात अजून सगळे ओरडूनच बोलतात. लूम गेले आणि आता तिथे कॉम्प्युटरचं दुकान आहे. माल आणतो माझा मुलगा दिलीप. दुकान चालवते त्याची मुलगी, वैशू. दाराजवळच्या खुर्चीवर मी. माझी ड्युटी एवढीच, आलेल्याला पाणी विचारायचं आणि कोण काय बोललं ते लक्षात ठेवायचं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवायची सवय!

तर एकदा दिलीपने एका बंद पडलेल्या ऑफिसातून सात जुने कॉम्प्युटर उचलून आणले. एकेक डबा तांदळाच्या पिंपाएवढा. उतरवताना हमाल घामाघूम.

"वर्कस्टेशन आहेत, आई!" दिलीप फुगून सांगतोय. "साध्या डेस्कटॉपला एक प्रोसेसर असतो, ह्यांना दोन-दोन! प्रोसेसर म्हणजे मेंदू."

मी म्हटलं, "दोन मेंदूंची माणसं आपल्या घरातही आहेत. सकाळी एक बोलतात, संध्याकाळी दुसरं!"

वैशू हसली. दिलीप नाही हसला.

* * *

डबे आले आणि बसले. पावसाळा आला नि सरत आला, डबे तिथेच. शेवटी एक दिवस जेवताना दिलीप म्हणाला, "दसऱ्यापर्यंत हे हलले नाहीत तर गाळा त्या गोडाऊनवाल्या शेठला भाड्याने देणार. माल ठेवायला पाहिजे म्हणून तो कधीचा मागे लागलाय."

वैशूचा घास हातातच राहिला. पोरीने ठाण्याची नोकरी सोडून हे दुकान मांडलं होतं. भिंतींवरचे लूमच्या तेलाचे डाग तिने स्वतः घासून काढले, रंग स्वतः मारला. शेजारणी म्हणायच्या, "पोरीची जात, स्क्रू काय फिरवतेय!" आता त्यांचेच लॅपटॉप तिच्याकडे येतात.

पण हिची एक खोड आहे. गिऱ्हाईकाला खोटं सांगता येत नाही. येणारा प्रत्येक जण गेम खेळायला नाहीतर बिलं काढायला कॉम्प्युटर मागतो. ही कोपऱ्यातल्या सात डब्यांकडे एकदा बघते, मोठा श्वास घेते आणि म्हणते, "तुम्हाला साधा डेस्कटॉपच बरा."

दिलीप कपाळावर हात मारतो. "अगं, माझ्या दुकानात बसून माझाच माल नको म्हणून सांगतेस?"

"पप्पा, त्यांना लागणार नाही तो."

"लागणारी वस्तू कोण घेतं गं भिवंडीत? मोठी दिसली की घेतात!"

* * *

हे मात्र दिलीपचं खरं होतं. अंबाडीहून हरेश्वरशेठ आले. गाळा मागणारे ते नव्हेत, हे दुसरे शेठ. जमीन गोडाऊनला गेल्यापासून त्यांचे ट्रेलर चालतात. गळ्यात चेन, हातात तीन मोबाईल.

"पोराला गेम खेलाला पायजे. सगल्यात मोटा कनचा हाय?"

दिलीपने लगेच वर्कस्टेशन दाखवलं. शेठ खूष. डब्यावर थाप मारून म्हणतात, "हा! ह्यो गाडीसारखा गाडी हाय!"

वैशू मध्ये पडली. "काका, गेमला एकदम पळणारा प्रोसेसर लागतो. हा ओझं पुष्कळ ओढेल, पण पळणार नाही. तुम्ही पोराला कॉलेजात सोडायला ट्रेलर काढता का?"

शेठ गंभीर झाले. "काडला व्हता येकदा."

"मग?"

"कालेजचा गेट भरून द्याला लागला."

शेवटी छोटा डेस्कटॉप ठरला. "चालवून बघा," म्हणून वैशूने गेम लावून दिला. शेठ कानाला हेडफोन लावून बसले ते बसलेच. मध्येच ओरडतात, "मागून आला रं, मागून आला!" बाहेरचा पाववाला आत डोकावून गेला. एवढ्यात टेबलावरच्या तीन मोबाईलपैकी एक वाजला. शेठना ऐकू जाईना म्हणून वैशूने उचलून स्पीकरवर धरला. पलीकडे पोरगा.

"पप्पा, घेतला का तुमचा कम्प्युटर? आता तरी माजा मोबाईल द्या!"

* * *

अन्वरभाई आमचे जुने ओळखीचे. त्यांचे लूम अजून चालतात. त्यांचा ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून रिक्षात घालून आणला. वैशूने झाकण उघडलं तर आत कापूसच कापूस! लहान बाळाची उशी भरेल एवढा. तो काढला, तर खाली सगळं चकचकीत ओलं.

"चाचा, ये क्या है?"

"तेल," अन्वरभाई सहज म्हणाले. "हर शिफ्ट में लूम को देते हैं, तो इसके पंखे को भी दे दिया. आवाज करता था बेचारा."

"चाचा, कॉम्प्युटर को तेल नहीं देते!"

अन्वरभाई माझ्याकडे वळले. "अम्मा, आप बोलो. मशीन है, तेल नहीं मांगेगा?"

कितीतरी वर्षांनी गाळ्यात लूमच्या तेलाचा वास सुटला होता. मी म्हटलं, "वैशू, आधी चहा घे. पुसायची काय एवढी घाई आहे?"

* * *

वैशू एकदा तासभर बँकेत गेली. तेवढ्यात एक बाई आल्या. मुलाला गेमसाठी काय घ्यावं, विचारत होत्या. दिलीप फोनवर. मग म्हटलं आपणच सांगू. वैशूने मला जसं समजावलं होतं तसंच सांगितलं, थोडं मीठमसाला लावून.

"हे बघा ताई, तुम्हाला एक साडी विणायची आहे. ती चढणार एकाच लूमवर. शेजारी चाळीस लूम उभे असले तरी ते तुमच्या साडीला हात लावणार आहेत का? नाही. मग तो एक लूम किती जोरात पळतो ते बघायचं. गेम म्हणजे ती साडी. तिला हा छोटा डेस्कटॉप. आणि तो मोठा डबा म्हणजे भरलेला कारखाना. त्यात लूम पुष्कळ, पण एकेक संथ. ढीगभर तागे एकदम काढायचे असतील तर त्याच्याकडे जायचं. नुसतं एका साडीसाठी कारखाना चालू केला तर हाती काय येणार? लाइटबिल!"

बाईंना पटलं. छोटा घेऊन गेल्या. फोन ठेवून दिलीप माझ्यासमोर उभा.

"आई, तू पण?"

"काय झालं?"

"दुकानात माझ्याच घरच्या दोन वकील. दोघी गिऱ्हाईकाच्या बाजूने!"

* * *

मग दिलीपने हट्टाला पेटून एक डबा विकला. वैशू दुकानात नव्हती ती वेळ साधून! अकलोलीचे एक गुरुजी होते, त्यांना नुसती पत्रं लिहायची होती आणि भजनं ऐकायची होती. त्यांना दोन मेंदूंचा डबा! आठवडा झाला नाही तोच गुरुजींच्या सौभाग्यवती रिक्षातून डब्यासकट हजर.

दिलीप म्हणाला, "का वहिनी, चालत नाही?"

"चालतो ना! पन कसा चालतो? चालू केला की विमानासारका ओरडतो. ह्यांना भजन ऐकू येत न्हाय, मना ह्ये ऐकू येत न्हाईत."

"जरा आवाज असतोच त्याला..."

"आनि तापतो किती! भाऊ, आमच्या अकलोलीत गरम पान्याची कुंडं काय कमी हायत, म्हनून घरात आनिक येक दिलात?"

पुन्हा सात.

* * *

दसरा आला. आमच्याकडे लूम होते तेव्हापासून दसऱ्याला यंत्राची पूजा होते. वैशूने सातही डब्यांना झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं. पक्कडसुद्धा पुसून पाटावर ठेवली तिने. दिलीपने नारळ फोडला आणि हळूच मला म्हणाला, "उद्या शेठ माप घ्यायला येणार आहेत." वैशूने ऐकलं. आमच्या घरात हळू बोलायचं कोणाला जमतच नाही!

हे गोडाऊनवाले शेठ म्हणजे मोठा कडक माणूस. ओठांवर हसू कुणी पाहिलं नाही. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यातही वीज मंडळाच्या माणसासारखे उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर आधी आला तो खारबावचा प्रकाश. हळदी आणि लग्नांचे व्हिडिओ काढतो. चेहरा उतरलेला, एक मोबाईल सारखा वाजतोय आणि तो सारखा कापतोय.

"ताई, येक जोरदार गेमिंगवाला दे. माजा कम्प्युटर मेला. वैशाखातल्या हलदी अजून निघाल्या न्हाईत. परवा येक बाई सांगत व्हती, पोरीला पाचवा म्हयना लागला, आता लग्नाचा व्हिडिओ बारशाला लावू काय?"

दिलीपचे डोळे चमकले. पण आता दिलीपला बोलायची गरजच नव्हती. वैशू उठून उभी राहिली होती.

"प्रकाशदादा, काम काय असतं? नीट सांग."

"चार कॅमेरे, वरती ड्रोन, बेंजोवाल्यांचा दणका दिवसभर. सगला येकत्र करून फायनल काडाला टाकला की रात्र जाते."

वैशूने माझ्याकडे बघितलं. मी वैशूकडे. मी म्हटलं, "अगं, हे तर ढीगभर तागे!"

तिने प्रकाशची हार्डडिस्क घेतली. तीच एक हळद छोट्या डेस्कटॉपवर लावली, तीच एका मोठ्या डब्यावर. डबा गरजायला लागला. झेंडूचा हार थरथरायला लागला. प्रकाश नखं खातोय, दिलीप देवाला हात जोडतोय. छोटा अजून मांडवाच्या दारात नवरीला ओवाळत होता, तेवढ्यात डब्याची हळद लागून, जेवणं होऊन, पानसुपारीसुद्धा उरकली!

"आये गं!" प्रकाश म्हणाला. "ताई, ह्यो किती हायत?"

"सात."

त्याने तिथूनच वाड्याच्या, पडघ्याच्या, सगळ्या व्हिडिओवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. "अरे, गेमिंगवाला घेऊ नको, हिकडं ये..."

आणि दारात शेठ! सोबत ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात लोखंडी टेप. प्रकाशने त्यांना पाहिलं मात्र, आणि फोन चालू ठेवून दोन डब्यांच्या मध्ये जाऊन बसला. तोंडावर बोट ठेवून मला कुजबुजतोय, "आजी, बोलू नको! व्हिडिओसाठी रोज फोन करतात!"

शेठ आत आले. ना राम राम, ना नमस्कार. ड्रायव्हरने टेप मागच्या भिंतीला धरली. शेठ तिचं टोक ओढत दारापर्यंत आले. वैशू हाताची घडी घालून उभी.

तेवढ्यात डब्यावर तयार झालेली हळद आपोआप सुरू झाली. बेंजो दणाणला. मांडव, दिवे, पोरीबाळी... आणि मधोमध, धोतराचा सोगा कमरेला खोचून, तोंडात रुमाल धरून, डोक्यावर हळदीचा तांब्या घेऊन जमिनीपर्यंत वाकून लेकीच्या हळदीत नाचणारे शेठ!

शेठच्या हातातली टेप सुटली. सर्रकन पूर्ण गाळा ओलांडून ड्रायव्हरच्या हातात जाऊन बसली.

"शेठ, परत पकडा, माप ऱ्हायला," ड्रायव्हर म्हणाला.

शेठनी खुर्ची ओढली, डब्यासमोर बसले आणि म्हणाले, "पोरी, जरा आवाज वाढव."