तिळाएवढा डायोड
सोल्डरिंगचा डाग लावताना वितळणाऱ्या राळेचा वास आला की मला आखातातल्या तुबलीतलं, गाड्यांचे सर्किट बोर्ड दुरुस्त करणारं ते दुकान आठवतं. तिथून जवळच, सनाबिसला आमच्या घरी राहायला आलेल्या सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन सकाळीच बंद पडलं होतं, नवा बोर्ड यायला दोन आठवडे लागणार होते आणि घरातला सिलिंडर जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणार होता, म्हणून मी मशीन घेऊन त्या दुकानात गेले. दुकानातले काका चिपळूणकडचे, साठीला आलेले. चहाचा कप धरताना त्यांचा हात इतका थरथरत होता की माझा धीरच खचला. मीटर लावत लावत त्यांनी बोर्डावरचा तिळाएवढा काळा डायोड शोधला. "हा गेलाय. इथे साधा चालायचा नाय, झटकन चालू-बंद होणारा पाहिजे," म्हणत त्यांनी एका मोडक्या बोर्डावरून तसाच दुसरा काढला. चिमटा हातात आला आणि त्यांची थरथर थांबली. श्वास रोखून त्यांनी तो नेमका जागेवर बसवला. मशीन घुमू लागलं. मी ते उचलायला गेले, तर "थांबा वहिनी, बंद पडायचं असेल तर माझ्याकडे पडू दे," म्हणाले आणि नळी स्वतःच्या नाकाला लावून तासभर बसून राहिले. बरं वाटल्यावर सासरे हट्टाने तिथे गेले आणि वयाने मोठे असूनही त्यांनी काकांचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.