यू रुबिनेमच्या मुठीतला तांदूळ

यू रुबिनेम यांच्याविषयी मला खरं म्हणजे फार थोडं माहीत आहे. त्यांचं माहेर कुठलं, हे मी कधी विचारलं नाही. त्या शाळेत गेल्या होत्या की नाही, तेही नाही. माझं दुकान आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक गटार आणि त्यावर टाकलेली फळी, एवढंच अंतर. तरी इतक्या वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघरात मी एकदाही पाऊल टाकलं नाही. आत काय काय निभावलं जात होतं, ते त्या माझ्याकडून काय नेतात आणि काय नेत नाहीत, यावरून मी आपला ओळखायचो. त्यातलं किती बरोबर होतं कोण जाणे.

त्यांची मुलगी विनार्नी म्हणाली, "मामा, आई गेल्याच्या शंभराव्या दिवशी वाचायला चार ओळी लिहून द्या." मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला सांग, मला नाही जमत. ती म्हणाली, "दुसरे पुष्कळ बोलतील. पण रोज यायची ती तुमच्याकडे." म्हणून लिहितो आहे. चुकलं असेल ते तिनं खोडावं.

गल्लीत सगळे त्यांना यू म्हणायचे, थोरली बहीण म्हणून. त्या मला कांग म्हणायच्या, थोरला भाऊ म्हणून. आमच्यात खरं थोरलं कोण, ते कधी ठरलं नाही. त्यांचा नवरा पाइरान सायकलरिक्षा चालवायचा. पुढे सवारी बसलेली आणि मागे उंच सीटवर हा पायडल मारतोय, तोंडातून शब्द नाही. घरोघरी मोटारसायकली आल्या तशा सवाऱ्या आटल्या. मग घर चाललं ते यूंच्या हातांवर. टेंपेवाल्याच्या ओट्यावर बसून त्या आंबवायचं सोयाबीन केळीच्या पानांत बांधायच्या. मजुरी पुडक्यांवर. आकार बिघडलेली पुडकी घरी न्यायला मिळायची, त्यामुळे त्यांच्याकडे टेंपे, म्हणजे ती आंबवलेल्या सोयाबीनची वडी, कायम वाकडीच असायची.

तेल त्या पाव लिटरच घ्यायच्या. मी मापानं पिशवीत ओतायचो.

"कांग, माप अजून उलटंच धरा जरा."

"संपलं की, यू."

"संपलं नाही. तीन-चार थेंब आहेत, आणि ते तुमचे नाहीत."

"चार थेंबांत काय तळणार आहात?"

"तुम्हालाच तळीन, थांबा."

बाकावरच्या बायका हसायच्या. मी माप धरून उभा राहायचो. थेंब खरंच पडायचे.

नारळ आठवड्यातून एक. त्याचं दूध भाजीला जायचं, राहिलेला चोथा मिठा-मिरचीबरोबर कोरडा परतून भातावर, करवंटी चुलीत, आणि शेंड्या भांडी घासायला. उरलेला भात सुपात पसरून पत्र्यावर वाळत घालायच्या आणि पुढे कधी तरी तळायच्या. या गोष्टी आमच्याकडे बऱ्याच घरांतून चालतात, पण झाकून. यू सूप रस्त्याच्या बाजूला ठेवायच्या. कोणी पाहिलं तर म्हणायच्या, "बघताय काय, कोंबड्या आल्या तर हाकला."

उधारी मात्र कधी केली नाही. माझ्या दुकानात असं एकच घर होतं.

गल्लीत कोणाकडे मयताचा दिवस असला की पुरुषमंडळी प्रार्थनेला जाऊन बसतात आणि जेवण डब्यातून घरी आणतात. त्याला आम्ही बरकत म्हणतो. हल्ली शिजवलेल्या अन्नाबरोबर कोरडा शिधाही देतात, साखर, नूडल्सचे पुडे वगैरे. ते पुडे यू दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घेऊन यायच्या.

"हे घ्या आणि कपड्यांचा साबण द्या."

"यू, हे माझ्याच दुकानातून गेले होते."

"मग बरं झालं. रस्ता माहीत आहे त्यांना."

असे काही पुडे गल्लीतली दोन-दोन मयतं फिरून परत माझ्या फळीवर येऊन बसले. मी साबण द्यायचो. नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसंही वाटत नसे.

मग पाइरान गेला. फारसा आजारी नव्हता. रिक्षा अंगणात लावली, पाय धुतले, आणि आत जाऊन पडला तो पडलाच. तिसरा दिवस, सातवा, चाळिसावा, शंभरावा, सगळे यूंनी केले, जेमतेम पण केले. हजारावा तेवढा राहिला. तो शेवटचा. त्याच दिवशी कबरीवर दगड बसतो, सगळ्या गल्लीला बोलावतात, आणि त्यानंतर गेलेल्याच्या नावानं घरातून काही करायचं उरत नाही.

दिवस जवळ आले तेव्हा आमच्या गल्लीचा प्रमुख तुगिनो माझ्या बाकावर बसला होता. यू समोरून आल्या. तो म्हणाला, "यू, हजाराव्याचं आम्ही सगळे मिळून करू. केटररकडून डबे मागवतो. तुम्ही नुसत्या बसून राहा."

"तुगिनो, तुझ्या बापाच्या हजाराव्याला मी काय केलं होतं?"

"नारळ खोवलेत. तीन दिवस खोवत होता."

"मग तुझ्या बायकोला खोवायला पाठव. पैसे नको पाठवूस."

"अहो, पण लोक काय म्हणतील? गल्लीतल्या म्हातारीला एकटीला..."

"म्हातारी तुझी सासू."

तुगिनो हसत उठून गेला. यू मात्र हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "कांग, हे शेवटचं ताट आहे. माझ्या घरात तो उसनं कधी जेवला नाही. जाताना कशाला जेवेल?"

त्यांनी माझ्याकडून जास्तीचे तांदूळ घेतलेले नव्हते, याची मला काळजी होती. एवढ्या माणसांना भात कुठून घालणार? बरंच घुटमळून मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की पाइरान गेल्यापासून रोज तांदूळ वैरताना मापातले मूठभर परत काढून वेगळ्या मडक्यात टाकत होत्या. कीड लागू नये म्हणून सुक्या मिरच्या, आणि अधूनमधून खालचे जुने काढून तेवढेच ताजे वर.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. तो जेवायचा तेव्हा मूठभर जास्तच लागायचे. तेवढेच बाजूला काढले."

कोंबडाही घरचाच होता, पिलापासून वाढवलेला. राहता राहिले डबे. नवा प्लॅस्टिकचा डबा, आणि त्यावर गेलेल्याचं नाव छापलेली चिकटपट्टी, अशी आता रीतच झाली आहे. माझ्याकडचा एक डबा यूंनी हातात घेतला, उलटा करून बूड पाहिलं, झाकण दाबून पाहिलं आणि परत ठेवला. "छान आहे," म्हणाल्या. मी किंमत कमी करून सांगणार होतो, तेवढ्यात त्या फळीवरून पलीकडे गेल्यासुद्धा.

संध्याकाळच्या नमाजानंतर आम्ही त्यांच्या ओसरीत चटयांवर बसलो. आत पडद्याआड बायका वाढत होत्या. भरलेल्या डब्यांच्या चळती मोदिनबाबांपुढे आणून ठेवल्या. गल्लीतल्या सगळ्या प्रार्थना मोदिनबाबाच सांगतात. आता त्यांचं वय फार झालं आहे. अरबी सगळं तोंडपाठ, पण माणसांची नावं राहत नाहीत. म्हणून नाव घ्यायची वेळ आली की ते हळूच पुढ्यातल्या डब्याकडे वाकतात आणि पट्टीवरचं नाव वाचतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी कधी बोलून दाखवत नाही.

त्या दिवशीही ते वाकले आणि खड्या आवाजात म्हणाले, "मरहूम कार्तोदिमेजो यांच्या आत्म्यास."

कार्तोदिमेजो म्हणजे तुगिनोचा बाप. जाऊन बरीच वर्षं झाली. तुगिनोनं चमकून मान वर केली. मी चळतीकडे पाहिलं. एकही डबा दुसऱ्यासारखा नव्हता. हिरवा, निळा, चौकोनी, गोल. गल्लीत इतक्या वर्षांत जेवढ्या बरकती वाटल्या गेल्या, त्यांचे डबे यूंनी घासून-पुसून ठेवले होते, आणि आता त्यांतच वाढलं होतं. प्रत्येकावर त्याच्या त्याच्या घरच्या मयताचं नाव.

आता काय करायचं? आमच्याकडे चालू प्रार्थनेत वडीलधाऱ्याला अडवत नाहीत. प्रार्थनेतच काय, एरवीही अडवत नाहीत. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, माना खाली घातल्या आणि "आमीन" म्हटलं. मीही म्हटलं. मोदिनबाबा पुढे गेले, आणखी एकदा कार्तोदिमेजोंचं नाव घेतलं, आम्ही आणखी एकदा आमीन म्हटलं. माझ्या डोक्यात ते मडकं आलं. इतकी वर्षं मूठ मूठ काढलेला तांदूळ, आणि तो निघाला होता भलत्याच घरी. कार्तोदिमेजो काही जिवंतपणी उपाशी राहिलेला माणूस नव्हता.

पडद्यामागे पळीचा आवाज थांबला.

"मोदिनबाबा," यूंचा आवाज आला. बायका अशा वेळी आतून बोलत नाहीत. "कार्तोदिमेजोंना जेवायला घालून फार दिवस झाले. आज आमच्या माणसाला वाढायचंय."

मग तुगिनोच म्हणाला, "असू दे, यू. बापाला माझ्या दुसऱ्यांदा जेवण मिळालं, उपकार तुमचे." आणि सगळी ओसरी हसली. पडद्यामागच्या बायकासुद्धा.

मोदिनबाबा मात्र पार गोंधळले. घाईघाईनं दुसरा डबा पुढे ओढून त्यावर वाकले. "मुर्तिनाह," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "ही तर विर्योची बायको."

होय. माझी बायको. निळा डबा, मीच निवडला होता. ते नाव मोठ्यानं उच्चारलेलं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"डबे जुने आहेत, मोदिनबाबा," यू आतून म्हणाल्या. "ज्या घरचा डबा त्या घरी जाणार, मी नीट लावून ठेवलेत. नावं निघत नव्हती." जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे राखेनं घासली असती तर निघाली असती. पण माणसाचं नाव असं खरवडून काढायचं म्हणजे..."

"मग आता नाव कोणाचं घेऊ गं?" मोदिनबाबांनी विचारलं. बिचाऱ्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"सगळ्यांचीच घ्या. समोर आहेतच. आमचा पाइरान शेवटी घ्या."

"शेवटी? दिवस त्याचा आहे!"

"असू दे. सवारी पुढे आणि तो मागे, असंच चालवलं त्यानं जन्मभर."

मोदिनबाबांनी एकेक डबा उचलला, नाव वाचलं, खाली ठेवला. गल्लीतली सगळी गेलेली माणसं एकामागून एक आली. प्रत्येक नावाला ओसरीतलं कोणी ना कोणी जरा सावरून बसत होतं. आणि शेवटी, डब्याशिवाय, न वाकता, त्यांनी पाइरानचं नाव घेतलं. आम्ही आमीन म्हटलं ते इतक्या मोठ्यानं, की रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून आत डोकावला.

माझ्या डब्यात भात, नारळ घातलेली पालेभाजी, कोंबड्याचा एक लहानसा तुकडा, वाकडी टेंपे आणि दोऱ्यानं कापलेली अंड्याची फोड होती. फोडी सगळ्यांच्या सारख्या असणार, यूंनी कापल्या म्हणजे असणारच. मी एकटाच असतो, सावकाश जेवलो.

नंतर गल्लीत थोडं बोललं गेलं. जुन्या डब्यांत बरकत, आणि बाई माणूस मध्ये बोलली, म्हणून. पण फार नाही. तुगिनोच्या बायकोनं मला सांगितलं, की तिनं सासऱ्याच्या नावाचा तो हिरवा डबा तांदळाच्या मापाला ठेवला आहे. आणि मी एक पाहिलं, की यूंचा चेहरा त्यानंतर जरा सैल झाला. माणूस मोठं ओझं उतरवून खांदे हलवून बघतो, तसं काहीसं. माझी समजूत चुकीचीही असेल.

पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. टेंपेवाल्याच्या ओट्यावर पानं पुसता पुसता भिंतीला टेकल्या. शेजारणीला वाटलं, डुलकी लागली.

आमचं शेवटचं बोलणं झालं ते त्याच सकाळी. काही विशेष नव्हतं. एक बाई माझ्या दुकानात केळ्याची भजी आणून ठेवते, ती नुकतीच आली होती. यू कामावर निघाल्या होत्या. थांबल्या, परातीकडे पाहिलं.

"दोन द्या, कांग."

त्यांनी माझ्याकडून असं तयार खायचं कधी घेतलेलं मला आठवत नाही. "कोणी आलंय का घरी?" मी विचारलं.

"कोणी नाही. भूक लागलीय."

"मग गरम बघून देतो. कागदात बांधू?"

"नको," म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "इथेच खाते."